उजव्या बाजूची जागा

लिहून ठेवणार: मन्मथ वीरभद्र बावगे, वय ७१ वर्षे, धंदा पूर्वी जीपचालक, आता काही नाही, राहणार शिरूर अनंतपाळ, जिल्हा लातूर.

मी वर नाव लिहिलेला इसम आज रोजी पूर्ण शुद्धीत असून, कोणाच्या धाकाखाली किंवा नशेत नसून, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. बुद्धी शाबूत असल्याबद्दल डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. या वेळी डॉक्टरांनी खरोखर तपासलं, चांगला अर्धा तास. डोळ्यांबद्दल तसा दाखला मिळणार नाही. उजवा डोळा गेला आहे आणि डावा त्याच वाटेवर आहे. म्हणून हे मी हाताने न लिहिता तोंडाने सांगत आहे, आणि माझे दोस्त सलीम मिस्त्री यांची मुलगी रुखसार, जिचं बसस्टँडसमोर टायपिंगचं दुकान आहे, ती उतरवून घेत आहे. रुखसारचं म्हणणं पडलं की चाचा, मृत्युपत्रात इतकं बोलत नसतात, कोणाला काय द्यायचं तेवढं सांगा. मी म्हणालो, का द्यायचं ते सांगितल्याशिवाय काय द्यायचं ते माझ्या तोंडातून निघणार नाही. तू लिहून राहिलीस तशी लिहीत जा.

कलम १. मार्च २०२२ मध्ये मी एक मृत्युपत्र केलं होतं आणि ते नोंदवलंही होतं. त्यात असं होतं की माझा एकुलता मुलगा आनंदराज याने मला उतारवयात दगा दिला, सबब त्याला घर, शेत, भांडीकुंडी यातलं काही मिळू नये, आणि माझ्या मातीलाही त्याने येऊ नये. ते मृत्युपत्र आज रद्द करतो. ते फाडावं, चुलीत घालावं, काय करायचं ते करावं. अक्षरं वकिलाची होती, खोटेपणा माझा होता.

कलम २. माझी पत्नी गंगम्मा ११ जानेवारी २०२२ रोजी वारली. मागे मुलगा आनंदराज, वय ४४, जो लातूरला एका मोटार ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना गाडी शिकवतो, आणि मुलगी तनुजा, जी नायगावला दिली आहे, एवढे दोनच वारस आहेत.

कलम ३. शिरूरचं राहतं घर, पुढच्या पत्र्याच्या शेडसह, आनंदराजला द्यावं. घर तीन खोल्यांचं आहे, गळतं कुठे ते त्याला माहीत आहे. गंगम्माच्या पाटल्या, तिचं तांब्याचं घंगाळ आणि बँकेतली ठेव तनुजाला द्यावी. तनुजावर माझा एक राग आहे. तिला चार वर्षं सगळं ठाऊक होतं आणि तिने बापाला सांगितलं नाही. तो राग मी या कलमात लिहितो आणि इथेच सोडतो.

कलम ४. आता ज्यासाठी हे सगळं लिहिणं आलं ते.

मी १९७८ साली लायसन काढलं. ट्रक चालवला, ट्रॅक्टर चालवला, आणि पुढे शिरूर ते नळेगाव काळी-पिवळी जीप चालवली, ती सत्तावीस वर्षं. भूकंपाच्या साली याच हातांनी जखमी माणसं लातूरला पोचवली. आमच्या जीपची रीत अशी की पुढच्या बाकावर ड्रायव्हर धरून चार माणसं बसायची. दोघं डावीकडे, मध्ये ड्रायव्हर, आणि एक जण ड्रायव्हरच्या उजव्या बाजूला, दाराला चिकटून. गिअर ड्रायव्हरच्या मांडीला लागायचा. बाहेरगावचा माणूस हे बघून घाबरायचा. आम्हाला त्यात काही वाटत नव्हतं.

२०१५ साली माझ्या उजव्या डोळ्याने दिसायचं कमी झालं. लातूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला, थेंब दिले, आणि म्हणाले की गेलेली नजर परत येत नसते, राहिलेली सांभाळा. त्यांनी गाडीचं विचारलं. मी सांगितलं, शेती करतो. घरी येऊन हे फक्त गंगम्माला सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी जुन्या लुगड्याची एक चौकोनी उशी शिवून ती स्टँडवर आली, आणि माझ्या उजव्या बाजूच्या जागेवर उशी टाकून बसली.

त्या दिवसापासून ती प्रत्येक खेपेला माझ्या उजवीकडे बसली. आमचं ठरलं होतं. उजवीकडून काही येत असलं की ती माझ्या बरगडीला एकदा कोपर लावायची. थांबायचं असलं की दोनदा. तोंडाने बोलायची नाही, पॅसेंजरला कळू नये म्हणून. मांडीवर शेंगाच्या चटणीचा डबा ठेवायची, बाजारात विकायला निघाले असं सोंग. लोक म्हणायचे, मन्मथअप्पाची मालकीण नवऱ्याला सोडत न्हाई, म्हातारपणी लईच प्रेम आलंय. मी हसायचो. मला वाटायचं, दोघं मिळून एक चांगला ड्रायव्हर झालोत. मला खरंच तसं वाटायचं.

कलम ५. २०१९ साली लायसनचं नूतनीकरण आलं. त्याला डॉक्टरचं प्रमाणपत्र लागतं. ज्याच्याकडून आम्ही सगळे जुने ड्रायव्हर ते घ्यायचो, त्याने माझ्याकडे मान वर करून पाहिलंही नाही. नाव विचारलं, वय विचारलं, शिक्का मारला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. त्याला दोष देणं सोपं आहे, पण त्याच्या दारात मी माझ्या पायाने गेलो होतो, आणि तो बघत नाही हे माहीत होतं म्हणूनच गेलो होतो. डोळ्यावर कातडं मी ओढलं होतं. त्याने शिक्का मारला इतकंच.

कलम ६. येरोळची दीपमाला, जी तेव्हा नववीत होती आणि आता कॉलेजला असेल, तिला माझ्या माघारी कोणीतरी पुढील गोष्ट जाऊन सांगावी. हे मी वस्तू द्यावी तसं तिला देतो.

नोव्हेंबर २०२१ मध्ये, साकोळचा बाजार करून येताना, येरोळजवळच्या वळणावर ही मुलगी उजवीकडून सायकल घेऊन रस्ता ओलांडत होती. भर दुपार होती, ऊन लख्ख होतं. मला कोपर लागलं नाही. मडगार्ड सायकलच्या मागच्या चाकाला लागलं आणि पोरगी नालीत पडली. गुडघे फुटले, चाक वाकलं. वाचली. सायकल सलीमने नीट करून दिली. पण गाडीतले सगळे खाली उतरलेले असताना मी गंगम्माला बोललो. म्हणालो, "दिवसाढवळ्या झोपतीस का तू? तुझ्या भरवशावर गाडी चालवून राहिलो मी."

ती म्हणाली, "डोळा लागला हो मालक. चुकलं."

तेव्हापासून चार गावांत हेच झालं की म्हातारीला डुलकी लागली आणि पोरगी मरता मरता वाचली. दीपमालाच्या आईने गंगम्माला शिव्या दिल्या आणि तिने त्या मान खाली घालून ऐकल्या. तर दीपमालाला सांगावं की गंगम्मा त्या दिवशी झोपली नव्हती. ती जागी होती आणि डोळे फाडून बघत होती. जीप अर्ध्या डोळ्याचा माणूस चालवत होता. शिव्या त्याला द्यायला पाहिजे होत्या.

कलम ७. गंगम्माला जाऊन नववा दिवस होता. घर पाहुण्यांनी भरलेलं होतं, शिवगण आराधनेची, म्हणजे आमच्यातल्या दिवसकार्याची, तयारी चालली होती, आणि पोस्टमनने आरटीओची नोटीस आणून दिली. आपल्या घरातील व्यक्तीचा आपल्या दृष्टीबाबत अर्ज आला आहे, तरी नवीन वैद्यकीय प्रमाणपत्रासह चाचणीस हजर राहावे. एका पाहुण्याने ती सगळ्यांसमोर वाचली. मला विचार करावा लागला नाही. आनंदराजचं रोजचं जाणंयेणं त्या कार्यालयात, ड्रायव्हिंग स्कूलच्या कामाने. दिवाळीतच तो मला म्हणाला होता की अप्पा, आता पुरे करा. आपलेच दात आणि आपलेच ओठ, दुसरं काय.

मी त्याला ओसरीवर बोलावलं. विचारलं, "हा अर्ज तू दिलास?"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग आत, जिथे त्याच्या आईचा फोटो ठेवला होता, तिकडे बघितलं. मग म्हणाला, "हाव अप्पा. म्याच दिला."

मी त्याला त्याच पायी घराबाहेर काढलं. आराधनेला थांबू दिलं नाही. जंगमस्वामी समजावून राहिले, तनुजा पाया पडली, मी ऐकलं नाही. पुढे शेतात जिथे गंगम्माला माती दिली त्या जागेभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण केलं, लाकडी फाटक बसवलं, त्याला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला बांधली. पहिल्या वर्षाला आनंदराज आला होता. कुंपणाबाहेर नारळ फोडून, बांधावर थोडा वेळ बसून गेला. मला हे सलीमने सांगितलं. मी म्हणालो, बसू दे.

चाचणीला मी गेलो. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही. डॉक्टरांनी डावा डोळा झाकून बोटं मोजायला लावली तेव्हाच निकाल लागला होता, पण मी हट्ट धरला की गाडी चालवून दाखवतो. इन्स्पेक्टर एक तरुण बाई होत्या, चांगल्या होत्या. त्यांनी आठाचा आकडा काढायला सांगितला. मी तो असा काढला की बाजूला उभी असलेली पोरं बघत राहिली. गाडी उभी करून मी खाली उतरलो तर बाई मागे लांब उभ्या.

त्या जवळ आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "काका, मी उजवीकडे हात दाखवून उभी होते. थांबा म्हणून. तुम्ही माझ्या शेजारून गेलात."

लायसन त्यांनी तिथेच ठेवून घेतलं. चव्वेचाळीस वर्षं ते माझ्या खिशात होतं. घरी येताना मी बसमध्ये उभा राहून आलो. जागा होती, पण कोणाच्या शेजारी बसावंसं वाटेना.

कलम ८. लायसन सरकारने फेब्रुवारीत काढून घेतलं. गाडी मी एप्रिलमध्ये सोडली. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही लिहिल्या पाहिजेत.

मधल्या दिवसांत मी शेतापर्यंत जीप नेत होतो. बिनलायसनची, पॅसेंजर नाही, नुसती गंगम्माच्या मातीपर्यंत. तिची उशी उजवीकडे तशीच होती. पहिल्यांदा नेली, काही झालं नाही. दुसऱ्यांदा नेली, काही झालं नाही. तिसऱ्यांदा निम्म्या वाटेवर माझ्या ध्यानात आलं की मी बरगडी कोपराची वाट बघत सैल सोडून बसलो आहे. उजवीकडे रस्ता आहे, का विहीर आहे, का कोणाचं लेकरू आहे, मला काही माहीत नव्हतं. मी गाडी तिथेच रस्त्यात बंद केली. स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. मग चालत घरी आलो आणि सलीमला सांगितलं, जीप आणून शेडमध्ये लाव. त्या दिवशी मी गाडी सोडली. कोणी सोडवली नाही.

कलम ९. या वर्षी उन्हाळ्यात माझ्या मनाने घेतलं की मी मेल्यावर आनंदराज कोर्टात जाईल आणि बापाने उगाच वारसा तोडला असं म्हणेल. तर त्याच्याविरुद्ध पक्का कागद पाहिजे. म्हणून मी माहितीच्या अधिकारात त्याच्या त्या अर्जाची नक्कल मागितली. अर्ज रुखसारनेच लिहून दिला. ऑगस्टमध्ये पाकीट आलं. मला वाचता येत नव्हतं म्हणून याच दुकानात, याच खुर्चीवर बसून मी तिला म्हणालो, मोठ्याने वाच.

तिने वाचलं, अर्जदार, गंगम्मा मन्मथ बावगे.

मी म्हणालो, चुकीचा कागद आला. ती म्हणाली, चाचा, खाली अंगठा आहे. मी म्हणालो, पुढे वाच. ती वाचत गेली. अर्ज कार्यालयाबाहेरच्या टायपिस्टने केलेला, पण बोलणं सगळं तिचंच होतं. ते इथे जसंच्या तसं उतरवावं असं मी रुखसारला सांगितलं आहे.

"साहेब, माझे मालक जीप चालवतात. त्यांना उजव्या डोळ्याने दिसत न्हाई. सहा वर्षं मी उजवीकडं बसून कोपराने सांगते. आता वर्ष झालं मलाच नीट दिसत न्हाई. दोन्ही डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आलाय. आवाजावर अंदाजानं सांगते. सायकलचा आवाज येत न्हाई. परवा एक पोरगी वाचली, पुढची वाचंल का न्हाई सांगता येत न्हाई. मालक माझं ऐकणार न्हाईत, सरकारचं ऐकतील. गाडी म्हणजे त्यांचं सगळं हाय. त्यांना चारचौघांत बोलू नका, लाज वाटंल. नुसतं लायसन बंद करा."

रुखसार मध्येच थांबली होती. तिला पाणी प्यावं लागलं. मला पहिल्यांदा काय आठवलं तर ते वाक्य, दिवसाढवळ्या झोपतीस का तू.

त्याच दिवशी तनुजाला फोन लावला. ती आधी रडली, मग तिने सगळं सांगितलं. गंगम्माचा मोतीबिंदू साध्या ऑपरेशनने निघाला असता. तिने केलं नाही. ऑपरेशन झालं की डॉक्टर जीपमधले धक्के बंद करतील, मग तेवढे दिवस मालकांच्या उजवीकडं कोण बसंल, असं म्हणाली. येरोळच्या त्या दुपारनंतर पंधरा दिवसांनी ती लातूरला लेकाकडे जाते म्हणून गेली आणि आनंदराजला म्हणाली, मला त्या हापिसात ने. त्याने नेलं. परत येताना तिने त्याच्याकडून वचन घेतलं. म्हणाली, "त्यांना माझं नाव सांगू नको. तुझ्यावर चिडले तर चार दिवसांनी बोलतील. माझ्यावर चिडले तर भाकर खाणार न्हाईत."

ती गेली आणि वचन त्याच्या गळ्यात राहिलं. नवव्या दिवशी मी विचारलं तेव्हा त्याला खरं बोलता आलं असतं. आई तर गेलेलीच होती. पण त्याने बघितलं की या म्हाताऱ्याकडे आता बायकोच्या आठवणीशिवाय काही उरलेलं नाही. तीही कशाला खराब करायची म्हणून त्याने माझा राग स्वतःवर घेतला. चार वर्षं घेतला. तनुजाने सांगायचं म्हटलं तर तिलाही शपथ घातली.

मी त्याला तीनदा फोन लावला. वाजायला लागला की बंद केला. सत्तावीस वर्षं स्टँडवर ओरडून पॅसेंजर गोळा केले, पण एवढं एक वाक्य तोंडातून निघेना. म्हणून इथे कागदावर सांगतो. आनंदराज, माझं चुकलं. तू नव्हतास हे नंतर कळलं म्हणून म्हणत नाही. तू असतास तरी माझं चुकलंच होतं.

कलम १०. शेत दोन एकर, आनंदराज आणि तनुजा दोघांत निम्मं निम्मं. गंगम्माची जागा कोणाच्या वाट्यात धरू नये आणि विकू नये. काट्याचं कुंपण मी गेल्या महिन्यात माझ्या हाताने काढलं. दिसत नव्हतं त्यामुळे काटे बरेच लागले, ते ठीकच झालं. कुलूप विहिरीत टाकलं.

कलम ११. जीप २००६ सालची आहे. तिचं वय झालं, तिचंही पासिंग आता होत नाही. ती भंगारात द्यावी. ती कोणी हौसेने ठेवू नये, चालवू तर नयेच. चावी आनंदराजला द्यावी, ती गंगम्माच्या फोटोच्या खिळ्याला आहे. तो नव्या लोकांना गाडी शिकवतो, तर त्याने शिकवताना एवढं सांगावं की दुसऱ्याच्या डोळ्यांनी गाडी चालत नसते, तो दुसरा जिवापाड माया करणारा असला तरी.

पान्यांचा डबा, जॅक आणि स्टेपनी सलीमला द्यायची होती. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये असं रुखसार म्हणते, म्हणून ते सामान मी कालच त्याच्या गॅरेजवर टाकून आलो.

कलम १२. भुजंग, जो माझ्यामागे नंबरला जीप लावायचा, त्याने २०१८ साली स्टँडवर पॅसेंजरला सांगितलं होतं की त्या जीपला एकच हेडलाइट हाय. मी त्याच्या अंगावर धावून गेलो होतो आणि तेव्हापासून आम्ही बोलत नव्हतो. जुन्या मृत्युपत्रात त्याच्या नावाचंही कलम होतं. तेही गेलं. तो खरंच बोलला होता. परवा मी त्याच्या घरी जाऊन दुसरा साक्षीदार हो म्हणालो आणि तो आला, हे लिहून ठेवतो. भुजंग आता सदुसष्टचा आहे, त्याचा हात गिअरवर थरथरतो, आणि त्याचं नूतनीकरण पुढच्या साली आहे. त्याने शिक्का मारणाऱ्याकडे जाऊ नये. हे ऐकून तो आत्ता माझ्या डावीकडे खाकरला.

कलम १३. आमच्यात माणसाला आडवं ठेवत नाहीत, बसवून माती देतात. गंगम्मा शेतात तशीच बसलेली आहे. मला तिच्या डाव्या हाताला बसवावं, तिचं तोंड जिकडे आहे तिकडेच तोंड करून. म्हणजे ती माझ्या उजवीकडे येईल. लुगड्याची उशी तिच्या आणि माझ्या मध्ये ठेवावी. पहिली मूठ आनंदराजने टाकावी. यायचं का नाही हे मी त्याच्यावर सोडतो. मी त्याला येऊ नको म्हणालो होतो, आता ये म्हणायचा हक्क मला किती राहिला आहे ते तोच ठरवेल.

पुरवणी. वरील सर्व मजकूर रुखसारने आज दुकानात साक्षीदारांसमोर मला मोठ्याने वाचून दाखवला व तो मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे. पण वाचून झाल्यावर एक गोष्ट घडली. तीही यात घालायला मी सांगितलं.

वाचन संपलं तरी रुखसार कागद काढेना. मी विचारलं, काय झालं? रुखसार म्हणाली, चाचा, रागावू नका, मी सकाळी आनंदराजभाऊला फोन केला होता. मी म्हणालो, बरं, मग येतो का? तेव्हा सलीम बोलला.

"आला होता अप्पा. तुम्ही सांगून राहिले होते तेव्हाच, कलम तीनपासून तुमच्या उजव्या बाजूला दाराशी उभा होता. मातीचं कलम आलं, त्यानं डोळे पुसले, चप्पल घातली, गेला."

मी विचारलं, मला सांगितलं का न्हाई? सलीम म्हणाला, त्यानं तोंडावर बोट ठेवलं होतं.

माझा कोणता डोळा मेला आहे हे त्याला पक्कं माहीत आहे. डावीकडे जागा होती, बाक रिकामा होता. तो उजवीकडेच उभा राहिला. म्हणजे माझी माफी मी भिंतीकडे तोंड करून मागितली, आणि ज्याची मागितली तो हातभर अंतरावर होता. त्याचा मला राग नाही. चार वर्षं तो कुंपणाबाहेर उभा होता, आज निदान दाराच्या आत आला.

रुखसार, एवढं शेवटचं लिही आणि कागद काढ. आनंदराज, तुला समोर यावंसं वाटत नसेल तर येऊ नको. उजवीकडूनच ये. पण ये तेव्हा कोपर लाव.

सही मला येते, चव्वेचाळीस वर्षं लायसनवर केली आहे. आज ती करत नाही. गंगम्माने ज्या बोटाचा ठसा दिला होता, त्याच बोटाचा मी देतो.

लिहून ठेवणार: मन्मथ वीरभद्र बावगे, डाव्या हाताचा अंगठा

साक्षीदार १: सलीम हुसेन मिस्त्री, गॅरेज, शिरूर अनंतपाळ (सही)
साक्षीदार २: भुजंग दौलतराव कदम, जीपचालक, शिरूर अनंतपाळ (सही, हात थरथरल्याने दोनदा केली)
मजकूर उतरवून घेणार: रुखसार सलीम मिस्त्री (सही)

ठिकाण: शिरूर अनंतपाळ
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५